न घेतलेली हरकत

डोंगरापलीकडच्या एका छोट्या संस्थानात नरहरपंत नावाचे वकील राहत होते. कायदा त्यांना तोंडपाठ होता. स्वभावाने मऊ. कोर्टात त्यांनी कधी आवाज चढवला नाही, की न्यायाधीशांचा शब्द खाली पडू दिला नाही. न्यायाधीशही मधल्या सुट्टीत त्यांना आवर्जून आत बोलावत आणि पानाचे तबक पुढे करत. बाकीचे वकील बाहेर ताटकळत, तेव्हा पंतांना मनातून फार बरे वाटे.

त्या वर्षी ललितापंचमीला देवीचा चांदीचा मुखवटा चोरीस गेला. फौजदाराने येसू तांबटाला धरले. देवळातली भांडी येसू घडवी, म्हणून संशय त्याच्यावर. खरे तर त्या दिवशी तो तीन कोसांवरच्या आंबेरीत, तिथल्या देवळाचा फुटका हंडा सांधत बसला होता.

येसूची बायको सगुणा पंतांच्या दारी आली. "पंत, लेकीची शपथ घेऊन सांगते, माझा माणूस देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही."

"काळजी करू नका सगुणाबाई," पंत म्हणाले. "कायदा आपल्या बाजूने आहे."

ते खरेच बोलत होते.

खटला उभा राहिला. "येसूने चावडीत माझ्यासमोर गुन्हा कबूल केला," असे फौजदार साक्षीत सांगू लागला. आता, फौजदारासमोरची कबुली पुराव्यात घ्यायची नाही, असा त्या संस्थानचा कायदाच होता. पंतांना तो कलमासकट आठवला. ते खुर्चीतून अर्धे उठले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले.

"काय हो पंत, तुम्हीसुद्धा?"

"छे छे, साहेब. चालू द्या," म्हणत पंत बसले. शिरस्तेदाराने मान खाली घालून लिहिले, 'आरोपीच्या वकिलांची हरकत नाही.'

मग आंबेरीच्या गुरवाची पाळी आली. येसू त्या दिवशी आंबेरीतच होता, अशी साक्ष द्यायला तो सकाळपासून बाहेर उभा होता. न्यायाधीश म्हणाले, "त्याची काय गरज? देवळातली माणसं एकमेकांचीच बाजू घेणार." हा गुरव काय सांगणार ते निदान लिहून तरी घ्या, असे पंतांच्या अगदी जिभेवर आले. पण तोंडातून निघाले, "जशी आज्ञा." गुरव साक्ष न देताच परत गेला.

कोर्टाच्या दारात म्हातारे अप्पाजी वकील भेटले. "पंत, गुरवाच्या साक्षीसाठी लेखी अर्ज तरी दिलात का?"

"कशाला चिडवायचं साहेबांना? वरच्या कोर्टात काढतो की सगळं."

"वरचं कोर्ट कागद वाचतं, पंत. तुमचा चेहरा नाही वाचत."

येसूला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. सगुणाने सोळा सोमवार धरले. पंतांनी अपील केले आणि राजधानीच्या कोर्टात ते असे तळमळून बोलले, की तसे आयुष्यात कधी बोलले नव्हते. थोरल्या न्यायाधीशांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"ती कबुली घ्यायला नको होती, हे खरं. पण तुम्ही हरकत घेतलीत कुठे?"

"मी उठलो होतो, साहेब."

"उठल्याचं इथे नाही. 'हरकत नाही' असं मात्र आहे. आणि गुरव?"

"तो बाहेर उभा होता. खालच्या साहेबांनी नको म्हटलं."

थोरल्यांनी कागद पुन्हा एकदा चाळले. "अर्ज नाही. तो काय सांगणार होता याची एक ओळ नाही. खालच्या न्यायाधीशाला आपली चूक सुधारायची संधीच तुम्ही दिली नाहीत, वकीलसाहेब. आता आम्ही ती कशाच्या आधारावर सुधारायची?"

अपील फेटाळले गेले.

पंत स्वतः सगुणाच्या घरी गेले. तिचा तो चौदावा सोमवार. ती महादेवाच्या पिंडीपुढे बसली होती. कसेबसे सांगून झाल्यावर पंत म्हणाले, "माझ्या मनात सगळं होतं हो."

सगुणा रडली नाही. हातातले बेलाचे पान तिने आधी नीट वाहिले. मग म्हणाली, "मनातलं देवाला कळतं, पंत. म्हणून त्याच्यापुढे मी गप्प बसते. तुम्हाला मी माणसांपुढे बोलायला पाठवलं होतं."

पंत नमस्कार करून बाहेर पडले.

पुढच्या खटल्यापासून ते सरळ उभे राहू लागले. "हरकत आहे, साहेब. कारणासकट लिहून घ्या." साक्षीदार नाकारला, की त्याच्या साक्षीसाठी लेखी अर्ज देऊ लागले आणि त्या अर्जावर हुकूम मागून घेऊ लागले. शिरस्तेदाराने लिहिलेले वाचून पाहिल्याशिवाय ते कोर्टातून हलत नसत. न्यायाधीश रागावले, मग रागावून थकले. त्या नोंदींच्या आधारे पुढे वरच्या कोर्टातून दोन निरपराध माणसे सुटून आपल्या चुलीपाशी परत आली.

येसू मात्र पुरी सात वर्षे खडी फोडत राहिला. सुटून आला तेव्हा त्याच्या बोटांत तांब्याचे पत्रे वाकवण्याइतकी ताकद उरली नव्हती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वतीने बोलायला उभे राहिलेल्याने अन्याय होताक्षणी, त्याच जागी, कारण सांगून हरकत घ्यावी आणि ती कागदावर उतरल्याची खात्री करावी; कारण आपल्या भिडेची शिक्षा आपल्याला होत नाही, आपल्यावर विसंबलेल्याला होते.