आईने कडू केलेली माया

फार फार मागची गोष्ट. तेव्हा जनावरं माणसांशी बोलत, आणि माणसं ती ऐकूनही घेत.

एका माळावर एक मेंढपाळीण राहत होती. नवरा वारलेला. पदरात एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. एकदा तिच्या छातीत गाठ आली. वैद्याने गाठ तपासली. मग तो म्हणाला, "बाई, रोग वाईट आहे. औषध देतो, पण भरवसा देत नाही. पोरांना सांगून ठेव."

"त्यांच्या कोवळ्या जिवाला कशाला घोर?" असं म्हणून ती उठली.

वाटेत तिने एक ठरवलं. कोकराचं दूध तोडायचं झालं, की मेंढपाळ मेंढीच्या सडांना कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. तोंड कडू झालं की कोकरू आपणहून दूर होतं. तिला वाटलं, आपणही तसंच करावं. पोरांची सवय आत्ताच तुटली, तर पुढे त्यांना जड जाणार नाही. दुःखात माणसाला काहीही शहाणपणाचं वाटतं!

पोरांच्या हातून एक कोकरू हरवलं होतं, त्याच आठवड्यात ती त्यांच्यावर खेकसू लागली. मुलगी वेणी घालून घ्यायला आली, की म्हणे, "तुझी तू घाल." धाकटा मांडीवर बसू लागला, की त्याला बाजूला सारी. मग मेंढरांमागे जाऊन एकटीच रडे. पोरं घरातच होती, तरी तिला कुणी उरलं नव्हतं.

एके सकाळी कळपातली म्हातारी मेंढी तिच्याजवळ आली.

"बाई, तुझी पोरं गाठोडं घेऊन मामाच्या गावाला निघालीत. पोरगी धाकट्याला सांगत होती, 'आपल्या हातून कोकरू हरवलं ना, म्हणून आपण आईला नकोसे झालोय.'"

मेंढपाळीण कळवळली. "मी त्यांच्या भल्यासाठीच केलं गं!"

"अगं, आम्हाला पाला लावता तो दूध तोडायला, आई तोडायला नव्हे. पाला लावला त्या दिवशीही कोकरू माझ्याच कुशीत निजतं."

ती धावत सुटली. ओढ्यापाशी तिने पोरांना गाठलं, दोघांना कवेत घेतलं आणि सगळं सांगितलं. "मला मोठा आजार झालाय. बरी होईन की नाही, वैद्यालाही ठाऊक नाही."

धाकट्याने भीत भीत विचारलं, "आमच्यामुळे झाला?"

"नाही रे राजा. कुणामुळेच नाही."

मुलगी मात्र रडता रडता चिडली. "आणि तू आम्हाला शेवटपर्यंत लांबच ठेवणार होतीस?"

आईने तिला पुढ्यात बसवलं. तिने मुलीचे केस सोडले आणि तिथेच वेणी घालायला घेतली.

सांगितलं म्हणून आजार काही पळाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हा तिचं डोकं मुलीच्या मांडीवर होतं आणि धाकटा पाय चेपत होता. पोरं खूप रडली. पण आपण आईला नकोसे होतो, असं त्यांना पुन्हा कधी वाटलं नाही.

तात्पर्य: मोठ्यांनी दुःख लपवलं, की मुलं त्याचा दोष स्वतःकडे घेतात, म्हणून खरं सांगावं, आणि जवळ घेऊन सांगावं.