धुरपदाआक्कानं सुलटा कोरलेला ठसा

ज्यांनी तिला हात गेलेली म्हातारी म्हटलं, त्यांची नावं कुणी जपून ठेवली नाहीत. ठेवायला हवी होती. जीव वाचवायला माणूस एकदा खोटं बोलतो, ते समजतं. पण धोका टळल्यावरही तेच खोटं खुशाल बोलत राहणाऱ्यांचं काय करायचं? ऐका, आणि तुम्हीच ठरवा.

फार मागची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी, नदी वळण घेते तिथे, उंबरडोह नावाचं गाव. गावात ठसेकरांची घरं होती. शिवणीच्या लाकडावर ते चित्र कोरत, त्याला शाई लावत आणि कागदावर छाप उठवत. या कामाचा पहिला धडा असा, की लाकडावर सगळं उलटं कोरायचं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तरच कागदावर सुलटं उमटतं. शिकाऊ पोरं हे विसरायची आणि त्यांचा पहिला ठसा चुलीत जायचा. वर आठवडाभर टिंगल व्हायची, ती वेगळीच.

या सगळ्यांत धुरपदाआक्काचा हात थोर. माणूस एकदा पाहिला की तो तिच्या लाकडात उतरायचा. असं म्हणतात, की तिनं कोरलेल्या पोपटासमोर मांजरं दबा धरून बसायची.

एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. जहागीरदाराची कोठी धान्यानं भरलेली, आणि डोंगरातली माणसं पाला उकडून खात होती. तेव्हा चिंधू मेंगाळ नावाच्या तरुणानं कोठी फोडली, कोठीवाल्याला खांबाला बांधलं आणि धान्य पाड्यापाड्यांवर वाटून टाकलं. हाच चिंधू आक्काला जंगलातून शिवणीची लाकडं आणून द्यायचा. लहानपणी अस्वलानं त्याला ओरबाडलं होतं. डाव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत व्रण होता.

फौजदार घोड्यावरून आला. डोंगरातून बाहेर पडायला एकच खिंड होती, तिथे त्यानं पहारा बसवला. पण त्याच्या शिपायांनी चिंधूला कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं गावातले कर्ते पुरुष चावडीत कोंडले. शाई-कागदासाठी तेवढे ठसेकर बाहेर ठेवले.

"म्हातारे," तो आक्काला म्हणाला, "त्याचं तोंड कोर. दिवस मावळायच्या आत. हा कोठीवाला ओळख पटवील. दुसऱ्याच कुणाचं तोंड निघालं, तर चावडी पेटवीन."

आक्का ओट्यावर बसली. पुढ्यात लाकूड, समोर चावडी, चावडीच्या दाराशी पेटता पलिता. चेहरा खरा कोरला तर चिंधू मेला. खोटा कोरला तर चावडी जळाली. कोरणी चालू झाली. कपाळ आलं, नाक आलं, ओठ आले. बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या, कारण तो चिंधूच होता, हुबेहूब.

मग तिनं व्रण कोरला.

शेजारी तिचा पुतण्या दगडू शाई घोटत होता. त्याची नजर ठशावर गेली आणि हात थांबला. व्रण डाव्या गालावर होता! लाकडावर डावा, म्हणजे कागदावर उजवा.

"आक्का..."

"शाई घट्ट झालीय, दगडू. पाणी घाल."

"अगं, पण गाल—"

"पाणी घाल म्हणते ना!"

फौजदारानं वळून पाहिलं. "काय आहे रे?"

दगडूच्या कपाळावरचा घाम शाईत पडला. "काही नाही, सरकार. शाई घट्ट झालीय," तो म्हणाला आणि त्यानं पाणी घातलं.

कोठीवाला पुढे आला. त्यानं जन्मात कधी ठसा हातात धरला नव्हता. लाकडातलं तोंड बघून तो दोन पावलं मागेच सरला. "हाच तो! बघा, याच गालावर अस्वलाचा पंजा!"

चावडी उघडली. ठसा, कागद आणि शाईचं मडकं घेऊन फौजदार खिंडीकडे दौडला. कोठीवाल्यानं मात्र सोबत जायला साफ नकार दिला. चिंधूला पुन्हा भेटायची त्याला हौस नव्हती.

खिंडीत छाप उठवले गेले. हुकूम सुटला, की प्रत्येकाचा उजवा गाल बघा. आणि लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चिंधू आला. शिपायानं त्याची हनुवटी वर केली, कागद गालाला लावला.

"याचा तर डावीकडे आहे."

"मग सोड. अस्वलानं फाडलेले ढीगभर आहेत या डोंगरात."

असं म्हणतात, की चिंधू समोरून जाईपर्यंत कागदावरच्या चित्रानं डोळे मिटून घेतले होते.

छापात व्रण उलट्या गालावर उमटलाय, हे फौजदाराला उशिरानं कळलं. तो परतला आणि तलवारीचं टोक आक्काच्या गळ्याला लावून म्हणाला, "मुद्दाम केलंस."

"हात चुकला, सरकार."

त्यानं ठसेकरांना विचारलं, "ही असली चूक करेल?"

तलवारीच्या टोकाशी रक्ताचा थेंब आला. तेव्हा दगडू जमिनीवर थुंकला. "हिचा हात कधीच गेलाय, सरकार. शिकाऊ पोर बरं. घरची म्हणून आम्ही झाकत होतो." बाकीच्यांनी माना हलवल्या.

फौजदार मोठ्यानं हसला. त्यानं तिच्या कोरण्या डोहात फेकल्या आणि तिनं पुन्हा लाकडाला हात लावायचा नाही, असा हुकूम केला. आक्का वाचली.

पुढे फौजदार मेला. दगडूही गेला. सांगायला कुणाची हरकत नव्हती, तरी कुणी खरं सांगितलं नाही. हात गेलेल्या म्हातारीची कामं आता आपल्याकडे येतात, हे अनेकांना सोयीचं होतं. पोरं तिच्या मागे "सुलटीआक्का" म्हणून ओरडायची. ती एक शब्द बोलली नाही. असं म्हणतात, की ती गेली त्या दिवशी डोहाच्या तळातून लाकूड कोरल्याचा आवाज आला.

आणि तेराव्याला एक म्हातारा डोंगर उतरून आला. खांद्यावर शिवणीचा ओंडका, डाव्या गालावर व्रण. तो भर चौकात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "आक्काचं घर कुठलं?" तेव्हा गावानं खाली घातलेली मान फार दिवस वर आली नाही.

आजही उंबरडोहात शिकाऊ पोरानं चुकून सुलटं कोरलं, तर तो ठसा चुलीत घालत नाहीत. त्याला शाई लावतात, आक्काचं नाव घेतात आणि पहिला छाप घराच्या दारावर उठवतात. गेल्या खंडेनवमीला एका पोरीचा मोर असाच उलटा उमटला आणि गल्ली खदखदून हसली. दारात दळण निवडणारी वच्छीमावशी मान वर न करता म्हणाली, "हसताय काय, मेल्यांनो? कुठंतरी कुणीतरी सुटलं असेल."