उजवा कौल

झाड तोडण्याआधी माणसं देवाला विचारत असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरात एक गाव होतं. गावाच्या वर देवीची राई होती आणि राईतल्या झऱ्यावर सगळं गाव पाणी पीत असे.

कुणाला झाड हवं असलं की गुरव देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवी, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवीची परवानगी, डावी पडली तर नाही. राईत गारवा एवढा की दुपारपर्यंत पाकळ्या हलत नसत आणि मंडळी तिथेच बसून डुलक्या काढत. बरेचदा पडायची ती डावीच.

एकदा पाटलांनी घराच्या तुळईसाठी पाषाणाच्या उजव्या अंगाचं जुनं झाड मागितलं. देवीने उजवा कौल दिला. झाड पडलं.

त्यानंतर नवलच झालं. ज्याने जे झाड मागावं, त्याला उजवाच कौल, आणि तोही झटपट. देवी पावली म्हणून गावाने नवस फेडले आणि कुऱ्हाडींना धार लावली.

एका सकाळी पाषाण धुताना गुरवाच्या हाताला उजवी बाजू कोमट लागली. डावी गारच होती. तुटलेल्या झाडाच्या जागेतून ऊन थेट उजव्या अंगावर येत होतं. तिथली पाकळी आधी सुकत होती, म्हणून आधी पडत होती.

त्याने घरी बायकोला सांगितलं.

"मग पाटलांना सांगा की," ती म्हणाली.

पण पाटलांनी त्याला नव्या घरासाठी लाकूड कबूल केलं होतं. पुढच्या खेपेला सांगू, असं गुरव म्हणाला. ती पुढची खेप काही आली नाही. वाईट वाटतं, पण माणसं अशीच असतात.

राई विरळ झाली, मग उघडी पडली. धनेश पक्षी निघून गेले. उन्हाळे लांबत गेले आणि एका चैत्रात झरा आटला. घाबरलेलं गाव पाषाणापुढे जमलं. विहीर कुठे खणावी ते देवीला विचार, असं पाटलांनी गुरवाला सांगितलं. गुरवाने पाकळ्या लावल्या. हात मागे घेण्याआधीच दोन्ही गळून पडल्या.

गुरव पाटलांकडे वळला.

"पाटील, देवीनं शेवटचा कौल दिला तो तुमच्या तुळईचा. त्यानंतरचे सगळे उन्हानं दिले. मला ठाऊक होतं, आणि मी नव्या घरात निजत होतो."

कुणी त्याला बोल लावला नाही. प्रत्येकाच्या घरात राईचं लाकूड होतं.

दुसऱ्या दिवसापासून गावाने उघड्या जागेवर रोपं लावली आणि कोसभर लांबच्या नदीचं पाणी डोक्यावरून आणून त्यांना घातलं. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही आणि कौलही मागायचा नाही, असं ठरलं. सगळ्यांत जास्त खेपा गुरव करी. तो गेला तेव्हा रोपं गुडघ्याएवढी झाली होती. झरा कोरडाच होता.

म्हणून बाळांनो, आणि थोरांनोही, रान तुटताना जो कळूनही गप्प बसतो, त्याचाही हात कुऱ्हाडीला लागलेला असतो.