गेणबा बोरखडीला पळाला

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव कोरडवाडी, गड्याचं नाव गेणबा. भोळा म्हणजे किती, तर बायको हौसा एकदा म्हणाली, "मी विहिरीवर जाऊन येते, तवर म्हशीवर लक्ष ठेवा." गेणबानं लक्ष ठेवलं. म्हशीनं दावं तोडलं तरी ठेवलं. म्हैस ओढा उतरली, माळ चढली, पार दिसेनाशी झाली, तोवर गड्यानं पापणी हलवली नाही.

"म्हस कुठाय?" हौसानं विचारलं.

"गेली की. दिसत हुती तवर बघितली."

हौसानं कपाळावर हात मारला, गाठोडं बांधलं आणि माहेरची वाट धरली. माहेर बोरखडीला. जाताना म्हणाली, "लगीन झाल्यापासनं एक काम तुमी तडीस नेलं न्हाई. एक तरी न्या, मग मी नांदायला येते."

घर सुनं झालं. गेणबा चुलीपुढं बसून राही. चूल पेटवायची असते हे त्याला ठाऊक होतं, पण पेटवा म्हणणारं कोणी नव्हतं. त्याला फार वाईट वाटायचं.

अशात गावात शर्यत आली. ऐन वैशाखात, भर उन्हात, पाच दिवस डांबरी रस्त्यानं पळायचं. कोरडवाडीच्या चावडीपासून थेट बोरखडीच्या वेशीपर्यंत! बोरखडी म्हटल्यावर गेणबानं धावत जाऊन नाव दिलं. बातमी हौसाच्या कानावर गेली. तिनं निरोप धाडला, "वेळेत रेघ ओलांडा. तिथनंच तुमच्यासंगं घरी येते."

शर्यतीच्या साहेबांनी चावडीपुढं फक्कीनं रेघ मारली आणि नियम सांगितले. "लागेल ते सामान आपलं आपण वाहायचं. कुणाची मदत घ्यायची नाही, घेतली की बाद. पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटची रेघ ओलांडायची." मग शिट्टी वाजली.

शहरातल्या गड्यांच्या पाठीवर चिमुकल्या पिशव्या होत्या. गेणबाच्या डोक्यावर बाज होती. बाजेवर पाटा-वरवंटा, तवा, पाण्याची कळशी आणि उखळ. लागेल ते सगळं घेतलं होतं. मुक्कामाला पोचला तेव्हा त्याची मान खांद्यात गेली होती.

तिथं काळोखे मास्तर पाय चोळत बसले होते. मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली, आता साठी उलटल्यावर शर्यती पळत होते. सगळ्यांच्या मागून, पण न थांबता. त्यांना गेणबाची दया आली.

"अरे, एवढं ओझं कशाला? जड असेल ते टाकून द्यावं."

"बरं, मास्तर."

दुसऱ्या दिवशी गेणबानं बाज टाकली, ती जड होती. मग बघितलं, उरलेल्यात जड काय? उखळ. टाकलं. मग पाटा. मग कळशी. मग तवा. दर दोन मैलांवर उरलेल्यात काहीतरी जड निघेच. दुपारी त्याच्याकडं कडोसरीची सुपारी तेवढी राहिली. तीही त्यानं तळहातावर घेऊन जोखली आणि टाकली. घसा कोरडा पडला. एक म्हातारी तांब्या घेऊन आडवी आली, तर हा म्हणाला, "मावशे, मदत चालत न्हाई." वाटेत हापसा लागला म्हणून वाचला.

"पाणी टाकलंस?" मास्तर ओरडले. "अरे, पाणी म्हणजे जीव! कॅन विकत घे. दगड दिसला की एक घोट प्यायचा. दगड आला, घोट. दगड आला, घोट."

मास्तर बिचारे किलोमीटरच्या दगडाबद्दल बोलत होते.

"बरं, मास्तर."

तिसऱ्या दिवशी रस्त्यालगत खडीचं मशीन लागलं. शेजारी खडीचा ढीग, चांगला दोन पुरुष उंच. गेणबा उन्हातच मांडी घालून बसला. एक दगड, एक घोट. कॅन संपला की मशीनच्या नळावर भरून आणायचा. दुपार कलली तरी ढीग तसाच. शेवटी पोट गच्च झालं आणि मशीनवाल्यांनी हाकललं, तेव्हा उठला. मुक्कामावर तो आला त्याआधी त्याच्या पोटातला डुबुक डुबुक आवाज आला.

मास्तरांनी डोकं धरलं. "दिवसभर उन्हात बसलास? भोवळ येऊन पडला असतास, बाबा! सावली धरून पळावं."

"बरं, मास्तर."

चौथ्या दिवशी कडब्यानं भरलेली एक बैलगाडी भेटली. काय तिची सावली! गेणबानं ती धरली. गाडी डांबरावरून उतरली, गेणबा उतरला. गाडी शिवारात शिरली, गेणबा शिरला. गाडी गोठ्यापुढं उभी राहिली.

"कोण रं तू?" गाडीवाला म्हणाला.

"सावलीतला."

गाडीवाल्यानं कडबा उतरवला. सावली संपली. गेणबानं इकडंतिकडं बघितलं, तर रस्ताही संपला होता. विचारत विचारत मुक्कामावर आला तेव्हा दिवे लागले होते.

आता मास्तरांना रडू यायचं बाकी राहिलं. "उद्या शेवटचा दिवस. बायको हवी ना तुला?"

"हवी की, मास्तर. तिच्याबिगर घरात करमत न्हाई."

"मग एकच कर. डांबराच्या कडेला पांढरी पट्टी आहे, ती बोरखडीला जाते. ती धर. मेलास तरी सोडू नकोस."

"बरं, मास्तर."

पाचव्या दिवशी गेणबा असा सुटला की शहरातले गडी मागं पडले. आणि बोरखडी दोन कोस राहिली असताना पट्टी संपली. पुढं एक रंगारी गाडा ढकलत पट्टी मारत होता. गेणबा त्याच्या मागं उभा राहिला. रंगारी पाऊलभर सरकला की हा पाऊलभर सरके. रंगारी भाकरी खायला बसला, हाही बसला. शहरातले गडी एकेक करून पुढं गेले. मास्तरही ओरडत पुढं गेले. मध्येच गेणबाचा पाय पट्टीवर पडला, तसा रंगारी भडकला.

"तंगडी मोडीन! ओल्या रेघेवर पाय देतोस? वाळली की मग ओलांड!"

"बरं, दादा."

रंगाऱ्याला पट्टी त्याच दिवशी वेशीपर्यंत न्यायची होती, हे गेणबाचं नशीब. सूर्य हातभर वर असताना दोघं वेशीत पोचले. "आला! आला!" लोकांनी एकच कल्ला केला. रस्त्यावर आडवी चुन्याची रेघ होती आणि रेघेपलीकडं हौसा. नवं लुगडं, हातात तांब्या, डोळ्यांत पाणी. पाच दिवसांत माणूस करपून निम्मा झालेला बघून तिचा राग कधीच विरघळला होता.

गेणबा धावत आला आणि रेघेपाशी थबकला. वाकून बघितलं.

"ओली हाय," तो म्हणाला.

"अवं, या की!"

"वाळू दे."

ऊन अजून होतं, रेघ वाळलीही असती. पण गावचा कोतवाल उत्साही. गर्दीच्या पायांनी रेघ पुसट झाली की तो पुन्हा चुना ओढायचा. हौसानं हात पुढं केला, गेणबानं आपला मागं घेतला. मदत चालत नव्हती. मास्तर घसा फुटेस्तोवर ओरडले. सूर्य टेकला. बुडाला. साहेबांनी शिट्टी वाजवली. कोतवाल घरी गेला. मग गेणबानं बोटानं रेघ चाचपली.

"वाळली," म्हणाला आणि ओलांडली.

हौसाच्या हातून तांब्या पडला. "तोंड दावू नका मला! जसं आलात तसं माघारी जावा!"

"बरं," गेणबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोणी सांगत आलं की गेणबा पट्टीच्या कडेनं पाऊल-पाऊल सरकतोय आणि रंगारी जिथं जेवला तिथं तासभर बसून उठला. मग कळलं, कुणाच्या गोठ्यापुढं उभा आहे. मग कळलं, खडीपाशी पाणी पितोय. हौसाला राहवेना. "उन्हानं मरंल की माझा माणूस!" म्हणत ती पळत सुटली. रात्रभर पळाली. गाठलं तेव्हा गेणबा टाकलेलं सामान एकेक करून गोळा करत होता. सुपारीसुद्धा सापडली होती.

"थांबा! चुकलं माझं! आणा ती कळशी इकडं."

"हात लावू नगंस. बाद करतील."

बाज डोक्यावर चढली. आता काय करणार? हौसा मुकाट बाजेच्या सावलीत शिरली आणि त्याच्याबरोबर चालत राहिली. पाचव्या दिवशी दोघं कोरडवाडीत पोचली. हौसानं घराचं कुलूप काढलं, चूल पेटवली, पदरानं घाम पुसला आणि हाक मारली, "अवं, आत या. भाकरी टाकते."

गेणबा आत येईना. तो चावडीपुढं, फक्कीच्या जुन्या रेघेवर, डोक्यावर बाज घेऊन उभा होता.

"आता आणि काय?" हौसानं विचारलं.

"आलो तसा माघारी आलो. आता शर्यत सुटायची. या खेपेला काम तडीस न्यायचंच, त्याबिगर हौसा यायची न्हाई."

"अवं, मी..."

"मधी बोलू नगंस," गेणबा म्हणाला आणि बाज सावरून बोरखडीच्या वाटेनं पळत सुटला. वळणावरून ओरडला, "मी हौसाला घेऊन येतो! तवर तू घराकडं लक्ष ठेव!"