निर्माल्याचं तळं

"आणि प्रदूषण म्हणजे?"

निरंजनगिरी बुवांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी दिगंबर दमला नाही. शहरात विज्ञानाची पदवी घेऊन, दीक्षा मिळावी म्हणून मठात राहायला आलेला गडी तो. हवा, पाणी, माती, प्रत्येकाची व्याख्या जिभेवर. घडाघडा म्हणून दाखवली.

बुवा सुपारी कातरत राहिले.

"गावाला सांगितलंस?"

"फलक लावलाय, बुवा."

"वाचला कुणी?"

...

मठापुढचं तळं म्हणजे खालच्या वाडीचं प्यायचं पाणी. आणि वरच्या गावाचा नेम असा, की देवाचं निर्माल्य पायदळी यायला नको, म्हणून ते त्याच तळ्यात सोडायचं. पूर्वी नुसती फुलं असत, आता पिशवीसकट बुडवतात. पाणी हिरवं झालं, मासे उलटे तरंगू लागले, वाडीतल्या बाया कोसभर लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

दिगंबरनं वरच्या गावात दारोदार फिरून विघटन, जलचर, परिसंस्था असं सगळं समजावलं. बाया ऐकत, त्याला चहा पाजत, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य घेऊन तळ्यावर हजर. गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या ठकूआजी तर म्हणाल्या, पोरगं हुशार आहे, पण देवाधर्मातलं त्याला काही कळत नाही.

शेवटी बुवांनी अट घातली. चैत्रातल्या नवमीला पाण्यात एक फूल जरी पडलं, तरी दिगंबरनं सामान उचलायचं. दीक्षेचं नावही काढायचं नाही.

नवमी उजाडली. काठावर ही रांग. सगळ्यांपुढे ठकूआजी, हातात गच्च भरलेली पिशवी.

दिगंबरनं तोंड उघडलं... आणि मिटलं. शब्द सगळे आठवत होते, पण ह्या बायांपुढे ते आधीच एकदा वाया गेले होते.

तो सरळ गुडघाभर पाण्यात उतरला. ओंजळ भरली. रीतीप्रमाणे कपाळाला लावली.

"देवाचं तीर्थ ना आजी हे? घेतो."

ओंजळ ओठांशी गेली...

"टाक ते मेल्या, घाण आहे घाण." ठकूआजींनी त्याच्या हाताला असा हिसका दिला, की पाणी त्यांच्याच लुगड्यावर सांडलं.

आणि मग त्यांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आपल्या तोंडून काय गेलं, ते त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं.



दिगंबरनं हळूच सांगितलं, की चाफ्याखाली खड्डा खणलाय, कडेनं दगड रचलेत, कुणाचा पाय पडायचा नाही. फुलांची माती झाली की देवाच्याच चाफ्याला घालू.

आजी वळल्या. त्यांच्यामागे अख्खी रांग वळली.

सांज व्हायच्या आत खड्डा शिगोशीग भरला. पिशव्या बाजूला निघाल्या. पाण्यात एक पाकळी पडली नाही, आणि कुणी न सांगता कुणीतरी हलगी काढली.

उन्हाळ्यात दोन्हीकडच्या माणसांनी मिळून गाळ उपसला. पावसाळा सरला. मार्गशीर्षात वाडीतल्या बाया पुन्हा हंडे घेऊन मठापुढे आल्या, तेव्हा तळाचे खडे मोजून घ्यावेत इतकं पाणी नितळ होतं.

दिगंबर बुवांपुढे ताठ बसला. छाती फुगलेली, आणि का फुगू नये? म्हणाला, आता विचारा व्याख्या.

बुवांनी विचारली नाही. उठले, तळ्यातून तांब्या भरून आणला, त्याच्यापुढे धरला.

"त्या दिवशीचं ओठांशी राहिलं. आज पी."