सुपाएवढी हद्द

समुद्राकडे पाठ करून वसलेल्या एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. शूर होता, न्यायी होता, पण संशयी फार. कोण आपलं काय घेईल, या विचारानं त्याला झोप लागत नसे. त्याची थोरली बहीण मृणाला प्रजेला प्रिय होती, म्हणून त्यानं तिलाच राज्याबाहेर काढलं. ती खाडीपलीकडे कोळ्यांच्या वस्तीत राहू लागली.

एके दिवशी एक योगिनी नगरात पाणी मागायला आली. राजानं तिला वेशीवरच अडवलं. योगिनी म्हणाली, "राजा, राखणंच तुला प्रिय, तर राखत बस." त्याच क्षणी राजा नाहीसा झाला आणि नगराचे सगळे दरवाजे मिटले. हत्तींनी धडका दिल्या, लोहारांनी घण घातले, दरवाजे उघडले नाहीत. आत कोठारातलं धान्य सरू लागलं.

राजघराण्यातली एकटी मृणालाच बाहेर होती. ती तटाखाली आली, तेव्हा म्हाताऱ्या प्रधान सोमदत्तांनी वरून तिला सारी हकीकत सांगितली आणि हात जोडले. मृणालानं मिटलेल्या दरवाजाकडे पाहिलं. याच दरवाजातून तिला बाहेर काढलं होतं. मग आतून लेकरांचं रडणं ऐकू आलं आणि भावाला शोधायला ती समुद्राकडे वळली.

किनाऱ्यावरच्या कातळावर एक कुरव पक्षी बसला होता. त्याला माणसांची भाषा येत असे. तो म्हणाला, "तुझा भाऊ या कातळाच्या तळाशी मासा होऊन राहिला आहे. आपणहून हद्द ओलांडील, तर पुन्हा माणूस होईल आणि नगराचे दरवाजेही उघडतील. ओढून काढलास, तर मरेल." त्यानं तिला एक मोती दिला. तो जिभेखाली धरला की पाण्यात श्वासही चालत असे आणि शब्दही.

मृणाला तळाशी उतरली. तिथं बोटभर लांबीचा एक निळा मासा सुपाएवढ्या दगडावर पहारा देत होता. दगडावर शेवाळ होतं आणि शेवाळात मोहरीहून बारीक अंडी चिकटलेली होती. तिनं त्याला नावानं हाक मारली, सिंहासनाची आठवण करून दिली. मासा धावून आला आणि तिच्या मनगटाला चावला. "ही माझी हद्द," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला उपाशी प्रजेबद्दल सांगितलं. मासा म्हणाला, "दगडापलीकडचं माझं नाही."

तिसऱ्या दिवशी मोठ्या माशांचा थवा शेवाळ खायला आला. तो इवलासा जीव एकेकाच्या अंगावर धावून जाऊ लागला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक तारामासा सरपटत अंड्यांकडे निघाला. मृणालानं तो पाहिला. तिच्या मनात आलं, अंडी गेली, तर याला इथं धरून ठेवणारं काहीच उरणार नाही. काही न करता नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं.

पण हे तिन्ही दिवस तिनं त्याला पाहिलं होतं. तो स्वतः काही खात नसे, परांनी अंड्यांना वारा घालत असे. तिनं वाकून तारामासा उचलला आणि लांब नेऊन ठेवला.

थवा पांगल्यावर मासा तिच्यासमोर आला. "जागा तुझी नव्हे. मग का राखलीस?"

मृणाला म्हणाली, "तू मला बाहेर काढलंस, तेव्हा तुझं सगळं जळून जावं असं मी म्हटलं होतं. आज समोर पाहून तसं म्हणवलं नाही."

त्यानंतर माशानं तिला दगडाशी बसू दिलं. दोघांनी दोन बाजू राखल्या. एका तिन्हीसांजेला अंडी फुटली आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत निघाली. मासा दगडाच्या कडेपर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा गेला, पुन्हा फिरला.

"मी दगड सोडला, तर कोणी घेईल," तो म्हणाला.

"मी बसते इथं. तू त्यांना थोडं पोचवून ये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तो कडेपलीकडे गेला.

पाणी घुसळलं. मृणालानं धडपडणाऱ्या भावाला दोन्ही हातांनी धरून वर आणलं. किनाऱ्यावर तो खोकत, थरथरत बसला. त्याच वेळी नगराचे सगळे दरवाजे उघडले. खाडीपलीकडचे कोळी मासळी आणि तांदूळ घेऊन आत शिरले. त्या संध्याकाळी घरोघरी चुली पेटल्या.

राजानं पुढं वेशीवरचे पहारे कमी केले आणि वाटसरूंसाठी तिथं पाणपोई बांधली. बहिणीला राजवाड्यात राहण्याविषयी त्यानं सांगून पाहिलं. तिनं अधूनमधून येण्याचं कबूल केलं, पण तिचं घर आता खाडीपलीकडे होतं.

तो तिला होडीपर्यंत पोचवायला गेला. तिला थांबवावं असं त्याला फार वाटलं. त्याचा एक शब्द पुरला असता, नावाडी त्याचेच होते. होडी सुटायची वेळ झाली, तेव्हा त्यानं दोरी स्वतःच्या हातांनी सोडून दिली.

"अक्का, सावकाश जा," तो म्हणाला. मग गुडघाभर पाण्यात उभा राहून, ती पलीकडच्या तीरावर उतरेपर्यंत तो पाहत राहिला.