कुमुदिनीची पळपुटी अक्षरे

एका राज्यात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. शत्रू त्याच्या नावाने चळचळा कापत. पण त्याची सहा वर्षांची लेक कुमुदिनी ग्रंथ उघडू लागली की राजाचाच जीव टांगणीला लागे. त्याचे कारण असे. मायावी कपिलाक्ष एकदा दरबारात गोष्ट सांगायला आला होता. "गोष्टींना वेळ कुणाला आहे?" म्हणून राजाने त्याला वाटेला लावले, आणि मायाव्याने जाता जाता शाप दिला. कुमुदिनीने पान उघडले की अक्षरे मुंग्यांसारखी रांगेने उतरत आणि भिंतीच्या फटीत शिरत. सातव्या वाढदिवसापर्यंत तिने एक पान वाचले नाही, तर अक्षरे तिला कायमची दुरावणार होती.

राजाने काय केले? राजे करतात तेच. सात पंडित नेमले आणि चूक झाली की घंटा बडवायला एक हुजऱ्या ठेवला. घंटा वाजली की अक्षरे दुप्पट वेगाने पळत आणि पोर मुसमुसत बसे.

शेवटी राजा तलवार परजून रानातल्या बोलक्या साळुंकीकडे गेला.

"कोणता राक्षस मारू?" त्याने विचारले.

"राक्षस नको. तीन कामे कर. रोज लेकीला मांडीवर घेऊन तू स्वतः वाच. ती अडखळली, तर दहा श्वास गप्प रहा. आणि ती मागेल तीच गोष्ट, मागेल तितक्यांदा वाच."

"एवढेच?"

"करून तर बघ," साळुंकी म्हणाली.

राजाने पान उघडले की अक्षरे जागची हलत नसत, म्हणून पहिले काम सोपे गेले. दुसऱ्याने मात्र घाम फोडला. वर्षभर वेढा सोसलेला हा वीर चौथ्या श्वासालाच ओठ चावू लागे. आणि तिसरे? कुमुदिनीला मक्याची कणसे चोरणारा कोल्हाच हवा असे, रोज. चाळिसाव्या वाचनाला राजा असा काही कोल्हेकुई करू लागला की पहारेकरी भाले घेऊन धावत आले. कुमुदिनी हसून लोळली. मग ती त्याच्याबरोबर म्हणू लागली, मग बोट ठेवून त्याच्याही पुढे जाऊ लागली. एके दिवशी चार अक्षरे फटीतून बाहेर येऊन ऐकत बसली.

वाढदिवस आला. भरल्या दरबारात कुमुदिनीने स्वतः पान उघडले. अक्षरे चुळबुळली, पण थांबली. ती वाचू लागली आणि मध्येच एका शब्दाला अडली. सातही पंडितांनी तोंड उघडले. राजाने हात वर केला. सात श्वास, आठ, नऊ.

दहाव्या श्वासाला कुमुदिनीने शब्द वाचला, आणि पान संपेपर्यंत ती थांबली नाही.

शाप तुटला. अक्षरे भिंतींतून बाहेर पडून आपापल्या ग्रंथात गेली. सगळ्यांना जागा सापडायला तीन दिवस लागले.

त्या संध्याकाळी राजा ग्रंथ घेऊन बसला, तर लेकीने तो काढून घेतला.

"आज मी वाचते, बाबा. तुम्ही ऐका."

राजाने ऐकले. गोष्ट संपली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाही.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.